फोंड्याचा केमिस्ट्री प्रॅक्टिकल क्लास: ॲम्फोटेरिकचा गोंधळ मिटवायचा असेल तर पाठवाच

घरात दहावी-अकरावी सायन्सचं मूल असेल आणि "हे ॲसिड की बेस की दोन्ही (म्हणजेच ॲम्फोटेरिक)" असला प्रश्न आला की ते अडकत असेल, तर गोव्यात फोंड्याला तिस्काच्या बाजूला एक रिटायर्ड टीचर शनिवार-रविवारी केमिस्ट्रीचा छोटासा प्रॅक्टिकल क्लास घेतात, तिथे डोळे मिटून पाठवा. क्लासला बोर्ड नाही, नाव नाही, टीचरना स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं आवडत नाही म्हणून मीही लिहीत नाही, पण फोंड्यात कुठल्याही हायर सेकंडरीच्या मुलांना विचारलंत तर पत्ता मिळेल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

आधीची गोष्ट सांगते म्हणजे फरक कळेल. माझी लेक अकरावीला आहे, आणि सुरुवातीला ती एका मोठ्या कोचिंगला जात होती. तिथे ॲम्फोटेरिक म्हणजे काय तर एक झेरॉक्स. झिंक, ॲल्युमिनियम, लेड, टिन यांचे ऑक्साइड पाठ करा, त्यासाठी एक यमक जुळवलेली ओळ, झालं चॅप्टर संपला. टेस्टमध्ये बेरिलियम ऑक्साइड आला, यादीत नव्हता, चुकला. क्रोमियमचे तीन ऑक्साइड देऊन त्यातला ॲम्फोटेरिक कुठला असं विचारलं, तेही चुकलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला अर्ध्या वर्गाने ॲम्फोटेरिक लिहिलं, कारण काय तर "तो ॲसिडही नाही आणि बेसही नाही, म्हणजे मधला". अहो पण मधला म्हणजे दोन्हीकडचा नव्हे ना! कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड हे न्यूट्रल, म्हणजे साध्या ॲसिडशीही रिॲक्शन नाही आणि अल्कलीशीही (पाण्यात विरघळणाऱ्या बेसशी) नाही. ॲम्फोटेरिक दोघांशीही रिॲक्शन देतो. एकदम उलट टोकं आहेत ही, आणि मुलं दोन्ही एकाच खणात टाकतात कारण त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नसतं. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्रीची आहे, त्यामुळे हे बघून जीव तुटतो.

या क्लासला पहिल्या दिवशी पालकांना बसू देतात, म्हणून मी मागच्या बाकावर बसले होते. टीचरनी फळ्यावर व्याख्या लिहिलीच नाही. टेबलावर झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर, त्यावर थोडं पाणी, आणि मुलांच्या हातात लाल आणि निळा दोन्ही लिटमस. लावा म्हणाल्या. दोन्ही पेपर जसेच्या तसे. मुलं लगेच ओरडली, न्यूट्रल न्यूट्रल! टीचर काही बोलल्या नाहीत, फक्त "कितें दिसता तें पयलीं बरयात" एवढंच. हे वाक्य त्या सारखं म्हणतात, आधी काय दिसतं ते लिहा, नाव नंतर द्या.

मग तीच पावडर चिमूटभर दोन टेस्ट ट्यूबमध्ये. एकीत डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड, दुसरीत जरा स्ट्राँग कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली) आणि किंचित गरम. ॲसिडवाली लगेच स्वच्छ झाली, कॉस्टिकवालीला वेळ लागला, हलवत बसावं लागलं, पण तीही हळूहळू निवळली. आता बोला, म्हणाल्या. तेव्हा कुठे एका मुलाने म्हटलं की टीचर, हा दोन्हीकडे जातो. मग त्यांनी सांगितलं की लिटमस फक्त पाण्यात काय उतरलंय तेवढंच सांगतो, आणि झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळतच नाही तर लिटमस बिचारा काय सांगणार. ॲम्फोटेरिक आहे की नाही हे ठरवायला दोन ट्यूब लागतात, एक ॲसिडची एक अल्कलीची, आणि दोन्हींचे रिझल्ट हातात आल्याशिवाय तो शब्द वहीत लिहायचा नाही. हा नियम त्या क्लासमध्ये इतका कडक आहे की लेक आता घरी अभ्यास करतानाही समासात दोन छोट्या ट्यूबा काढते आणि मग उत्तर लिहिते.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते झिंक सल्फेटचं प्रॅक्टिकल, ते जरा सविस्तर सांगते. ट्यूबमध्ये झिंक सल्फेटचं सोल्यूशन, पाण्यासारखं स्वच्छ. ड्रॉपरने कॉस्टिक सोडा एक एक थेंब. दोन-चार थेंबांत पांढरं प्रेसिपिटेट, म्हणजे न विरघळलेला साका, पेजेवरच्या दाट थरासारखं, ट्यूब हलवली तरी न मोडणारं. ते झिंक हायड्रॉक्साइड. बहुतेक मुलं इथे थांबतात, पांढरं आलं, लिहिलं, पुढचा सॉल्ट. टीचर म्हणतात थांबू नका, घालत राहा. आणखी थेंब, आणखी थेंब, आणि मग ते पांढरं कडेकडेने पारदर्शक व्हायला लागतं आणि एका क्षणी ट्यूब पुन्हा स्वच्छ, कारण आता ते झिंकेट (झिंकचा विरघळणारा सॉल्ट) होऊन सोल्यूशनमध्ये गेलं. इथवर पुस्तकातही असतं. पण टीचर त्याच ट्यूबमध्ये आता ॲसिडचे थेंब घालायला लावतात. पांढरं परत येतं! आणि ॲसिड घालतच राहिलात तर परत जातं. एकाच ट्यूबमध्ये एकच पदार्थ इकडूनही विरघळतो आणि तिकडूनही, मध्ये पांढरा. मुलं अक्षरशः रांग लावून परत परत करत होती, माझी लेक तर "आई तू बघ ना, परत आलं" करत मला पुढे ओढून घेऊन गेली.

आणि शेजारच्या ट्यूबमध्ये मॅग्नेशियम सल्फेट. तिथेही कॉस्टिकने पांढरंच येतं, पण कितीही एक्सेस (गरजेपेक्षा जास्त कॉस्टिक) घाला, जात नाही. ॲसिड घातलं की मात्र जातं. म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड नुसता बेस. ही तुलनेची ट्यूब फार महत्त्वाची, ती नसती तर मुलांना वाटलं असतं की पांढरं सगळं असंच वागतं. मग तुरटी घेतली, तिच्यातलं ॲल्युमिनियम झिंकसारखंच वागलं, आलं आणि एक्सेसमध्ये गेलं.

इथेच एका मुलाने चांगला प्रश्न काढला. शाळेत कॉपर सल्फेटमध्ये अमोनिया घालून गडद निळं करतात ना, तिथेही आधी प्रेसिपिटेट येतं आणि एक्सेसमध्ये विरघळतं, मग कॉपर हायड्रॉक्साइड पण ॲम्फोटेरिक का? टीचरचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनी लगेच दोन ट्यूब मांडल्या, एकीत अमोनिया, दुसरीत डायल्यूट कॉस्टिक. अमोनियावाली गडद निळी झाली, कॉस्टिकवालीत निळं प्रेसिपिटेट तसंच बसून राहिलं. अमोनिया तिथे कॉपरला धरून कॉम्प्लेक्स, म्हणजे विरघळणारा जोड-आयन, बनवतो, त्याचा ॲसिडपणाशी संबंध नाही, म्हणून परीक्षा घ्यायची तर कॉस्टिकने घ्या. उलट ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड कॉस्टिकच्या एक्सेसमध्ये जातं पण अमोनियात जात नाही, आणि झिंक दोन्हींत जातं पण दोन वेगळ्या कारणांनी. सॉल्ट ॲनालिसिसला (सॉल्टमध्ये कुठला मेटल आहे ते शोधायच्या प्रॅक्टिकलला) झिंक आणि ॲल्युमिनियम वेगळे काढायला हेच वापरतात. बारावीत हे येणारच आहे, मुलांना आत्ताच कळलं.

पिरिऑडिक टेबलचा भाग त्यांनी झटपट घेतला पण छान घेतला. तिसऱ्या ओळीत डावीकडून चालत जा: सोडियम आणि मॅग्नेशियमचे ऑक्साइड बेसिक, ॲल्युमिनियमचा ॲम्फोटेरिक, सिलिकॉनपासून पुढे फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन ॲसिडिक. म्हणजे मेटल संपून नॉनमेटल सुरू होतात त्या वेशीवर ॲम्फोटेरिक सापडतात, आणि बेरिलियम ॲल्युमिनियमच्या तिरक्या रेषेत असल्यामुळे त्याचाही तसाच. आणि एकाच मेटलचे दोन-तीन ऑक्साइड असले तर ऑक्सिडेशन स्टेट (ऑक्साइडमध्ये त्या मेटलवर किती चार्ज धरतात तो आकडा) बघा, क्रोमियम अधिक दोनला बेसिक, अधिक तीनला ॲम्फोटेरिक, अधिक सहाला ॲसिडिक. झालं, लेकीचे कोचिंगमधले दोन्ही चुकलेले प्रश्न इथे एका फटक्यात सुटले.

एका मुलीने मिरामारची वाळू आणली होती, सिलिका आहे ना म्हणून टेस्ट करू. ॲसिड घातल्यावर ती फसफसली. सिलिका ॲसिडशी रिॲक्शन देते असं ती लिहायला निघाली तर टीचरनी भिंग दिलं हातात, बघ म्हणाल्या, शिंपल्यांचे तुकडे आहेत, कॅल्शियम कार्बोनेट, तो फेस त्याचा. ॲसिडने धुऊन धुऊन फेस बंद झाल्यावर उरलेली वाळू तशीच राहिली. सिलिकाला विरघळवायला कडक गरम अल्कली लागते आणि ॲसिडांत फक्त हायड्रोफ्लोरिक, पण तेवढ्यावरून तिला ॲम्फोटेरिक म्हणत नाहीत, कारण हायड्रोफ्लोरिकची करामत फ्लोराइडमुळे आहे, ॲसिडपणामुळे नव्हे. हे मला बीएस्सीलासुद्धा कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

आता गोंयकारांना जवळचं वाटेल ते. आपल्या घरांचे चिरे, म्हणजे जांभा दगड. चिऱ्यात लोखंडाचे ऑक्साइड असतात म्हणून तो लाल, पण त्यात ॲल्युमिनियमचे ऑक्साइड-हायड्रॉक्साइडही असतात, ते रंगाने दिसत नाहीत म्हणून लक्षात येत नाही. आणि ज्या जांभ्यात ॲल्युमिनियम खूप जास्त साठलंय तो बॉक्साइट, तोही गोव्यात आहे. टीचरनी चिऱ्याची पूड कॉस्टिकमध्ये उकळली (मुलांना लांब उभं करून, गॉगल्स घालून), थंड करून गाळली. फिल्टर पेपरवर लाल गाळ तसाच, खाली उतरलेलं पाणी जवळपास बिनरंगी. त्या पाण्यात ॲसिडचे थेंब जपून घातल्यावर पांढुरका धुरकटपणा आला. तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे सगळंच ॲल्युमिनियम असेल असं समजू नका, चिऱ्यातली थोडी सिलिकाही कॉस्टिकमध्ये येते आणि तीही अशीच खाली बसते, नक्की करायला अजून टेस्ट लागतील. मुलांसमोर असं बोलणारी माणसं कमी.

आणि मग सांगितलं की ॲल्युमिनियमचा सगळा धंदाच यावर उभा आहे. कार्ल योझेफ बायर नावाच्या ऑस्ट्रियन केमिस्टने १८८७-८८ च्या सुमारास जी पद्धत काढली ती आजही चालते: बॉक्साइट दाबाखाली गरम कॉस्टिकमध्ये घालायचं, ॲल्युमिनियम ॲम्फोटेरिक म्हणून सोल्यूशनमध्ये जातं, लोखंडाचा ऑक्साइड बेसिक म्हणून मागे राहतो, तोच तो रेड मड. मग ते सोल्यूशन थंड करून त्यात आधीच तयार असलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कण सोडायचे की बाकीचं त्यांच्यावर बसत जातं. ते भाजलं की ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. आपल्या शेजारी बेळगावला हिंदाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे, बेळगावला खरेदीला जाताना किती वेळा गेलोय आपण त्या बाजूने, आणि आत काय चालतं ते दोन टेस्ट ट्यूबमध्ये मुलांना कळलं. डिचोली-सांग्याच्या मायनिंगच्या गोष्टी घरोघरी ऐकत वाढलेली मुलं ही, लाल माती म्हणजे फक्त आयर्न ओर एवढंच त्यांना माहीत. त्यातलं न दिसणारं ॲल्युमिनियम वेगळं काढायचा रस्ता या एका गुणधर्मातून जातो हे ऐकून वर्ग एकदम शांत झाला होता.

एक सावधगिरीही सांगितली त्यांनी. बाटलीतला कडक भाजलेला ॲल्युमिना घेतलात तर तो ॲसिडमध्येही जात नाही आणि कॉस्टिकमध्येही सहज जात नाही, मग मुलं लिहितात "रिॲक्शन नाही, न्यूट्रल". म्हणून नेहमी तुरटीपासून ताजं हायड्रॉक्साइड बनवून टेस्ट करायची. शाळेच्या लॅबमध्ये किती जणांचं प्रॅक्टिकल या एका कारणाने फसत असेल देव जाणे.

दुसऱ्या रविवारी आयनांचा भाग झाला, १९२३ मधली ब्रॉन्स्टेड आणि लोरी या केमिस्टांची प्रोटॉनची कल्पना: प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) देतो तो ॲसिड, घेतो तो बेस. पाणी प्रोटॉन देतंही आणि घेतंही, हायड्रोक्लोरिकसमोर बेस, अमोनियासमोर ॲसिड. असे प्रोटॉन देणारे-घेणारे ते ॲम्फिप्रोटिक, आणि ते सगळे ॲम्फोटेरिकच. पण उलट खरं नाही, झिंक ऑक्साइडकडे द्यायला हायड्रोजनच नाही तर प्रोटॉन देणार कुठून, तरी तो ॲम्फोटेरिक आहे. मेडिकलच्या नीट परीक्षेच्या एमसीक्यूत इथेच पाय घसरतो. खाण्याच्या सोड्यातला बायकार्बोनेट ॲम्फिप्रोटिक आहे पण सोल्यूशनचा पीएच साधारण ८.३, म्हणजे सातच्या वर बेसिककडे येतो, आणि डायहायड्रोजन फॉस्फेटही ॲम्फिप्रोटिक आहे तर त्याचा सातच्या बराच खाली. म्हणजे दोन्ही करू शकतो याचा अर्थ दोन्ही सारखंच करतो असा नाही, देण्याची ओढ जास्त की घेण्याची ते केए आणि केबी (ॲसिड म्हणून आणि बेस म्हणून ताकद सांगणारे आकडे) बघून ठरतं.

आणि सगळ्यात सुंदर ट्रॅप. फॉर्म्युल्यात हायड्रोजन आणि वर निगेटिव्ह चार्ज दिसला की मुलं ॲम्फिप्रोटिक लिहून मोकळी होतात. टीचरनी फॉस्फरस ॲसिडचं (H₃PO₃, फॉस्फोरिक नव्हे) स्ट्रक्चर काढलं. तीन हायड्रोजन, पण त्यातला एक थेट फॉस्फरसला चिकटलेला, तो पाण्यात प्रोटॉन म्हणून सुटत नाही. म्हणून ते ॲसिड डायबेसिक (दोनच प्रोटॉन देणारं), आणि दोन प्रोटॉन गेल्यावर उरलेल्या फॉस्फाइट आयनात हायड्रोजन दिसतो तरी तो देता येत नाही, म्हणजे ॲम्फिप्रोटिक नाही. ॲसिटेटचंही तेच, तीन हायड्रोजन आहेत पण कार्बनवर. हायड्रोजन मोजू नका, तो कुणाला धरून बसलाय ते बघा, असं त्यांनी सांगितलं. लेकीने त्या रात्री जेवताना हे तिच्या बाबांना समजावलं आणि ते बँकेत आहेत, केमिस्ट्री सोडून जमाना झाला, तरी त्यांना कळलं.

आता अर्धा स्टार कशाला कापला. आयनांचा हा भाग जवळपास पूर्ण फळ्यावर झाला. सोड्यात ॲसिड घातलं की फसफसतं ते दिसतं, पण कॉस्टिक घातल्यावर बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं ते डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी "दोन ट्यूब बघितल्याशिवाय लिहायचं नाही" म्हटल्यावर इथे मुलांना ते मानून घ्यावं लागलं. पीएच मीटर असता तर आकडा वर सरकताना दिसला असता. मी टीचरना तसं बोलले, त्यांनाही पटलं, म्हणाल्या मीटर घ्यायचा विचार आहे. शिवाय ग्लायसीनसारख्या अमिनो ॲसिडवर फक्त पाचच मिनिटं दिली, खरं तर एकाच रेणूत ॲसिडचा गट आणि बेसचा गट दोन्ही असलेलं याहून सोपं उदाहरण नाही, त्याला अजून वेळ हवा होता.

बाकी बारीकसारीक. जागा छोटी आहे, बारा-पंधरा मुलं झाली की टेबलाभोवती दाटी होते. नोट्स इंग्रजीत आहेत पण शिकवणं मराठी-कोंकणी मिसळून, आणि ते फार बरं आहे, कारण आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून एकदम इंग्रजीत गेलेली पुष्कळ मुलं आहेत, त्यांना "एक्सेस" शब्द कळतो पण एक्सेस म्हणजे नक्की किती आणि का, ते आपल्या भाषेत सांगितल्यावरच उतरतं. सेफ्टीला पूर्ण मार्क: गॉगल्सशिवाय टेबलाजवळ येऊ देत नाहीत, कॉस्टिकची बाटली स्वतःच हाताळतात, डोळ्यात गेलं तर ॲसिडपेक्षा कॉस्टिक जास्त खोल भाजतं हे सुरुवातीलाच सांगतात. फी मोठ्या कोचिंगच्या मानाने बरीच कमी आहे. पण फक्त एमसीक्यूची स्पीड वाढवायची असेल तर हा क्लास त्यासाठी नाही, इथे एका ट्यूबवर अर्धा तास जातो. त्यासाठी टेस्ट सिरीज वेगळी लावा, आम्ही तेच केलंय.

जायचं तर आधी फोन करून जा, चवथीच्या आणि शिगम्याच्या दिवसांत क्लास बंद असतो. मुलांना सुती कपडे आणि बंद बूट घालून पाठवा, केस मोठे असतील तर बांधून. कदंबा बसने येणार असाल तर फोंडा स्टँडवर उतरून रिक्षा करा, स्वतःची गाडी आणू नका, रविवारी बाजाराच्या गर्दीत पार्किंग मिळणं मुश्कील. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, त्यात दहावीच्या मुलांनाही घेणार आहेत. दहावीच्या मेटल्स-नॉनमेटल्सच्या धड्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दोन इक्वेशन आहेतच, तेवढ्यासाठी जरी पाठवलंत तरी पैसे वसूल.